बोरघाटाच्या जुन्या रस्त्याला वारसा म्हणायला हवे

५ एप्रिल २०२० रोजी, रविवारी, सगळा देश टाळेबंदीत घराघरांत बसलेला असताना, खंडाळ्याजवळचा अमृतांजन पूल नियंत्रित स्फोटाने पाडण्यात आला. या पुलाचे हे नाव शेजारी वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या एका बामच्या जाहिरातफलकावरून पडले होते आणि मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी ते बसले होते. पूल मात्र त्या फलकापेक्षा, त्या बामपेक्षा आणि खुद्द बोरघाटातल्या रेल्वेपेक्षाही जुना होता. १८३० साली तो बांधून झाला, म्हणजे पेशवाई बुडाल्याला तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती. १९० वर्षे उभे राहिलेले हे दगडी काम काही क्षणांत खाली आले. त्या दिवसांत माणसे इतक्या मोठ्या चिंतेत होती की पुलासाठी हळहळायला कुणाला सवड नव्हती, आणि त्याबद्दल कुणाला दोषही देता येत नाही. पण आता बरीच वर्षे उलटली आहेत. तो पूल ज्या रस्त्याचा भाग होता तो रस्ता आपण काय म्हणून सांभाळणार आहोत, हा प्रश्न आज तरी शांतपणे विचारायला हवा.

सुरुवात नावापासून करावी लागते, कारण नावातच घोटाळा आहे. इंग्रजी कागदपत्रांतल्या स्पेलिंगमुळे पुष्कळ जण याला ‘भोर घाट’ म्हणतात आणि मग पुणे जिल्ह्यातल्या भोर गावाशी त्याची गाठ घालतात. त्या गावाचा या घाटाशी काही संबंध नाही. खोपोली आणि खंडाळ्याच्या मधला हा घाट म्हणजे बोरघाट, आणि महामार्ग पोलिसांच्या चौकीपासून ट्रकचालकांपर्यंत इथली माणसे आजही तेच नाव घेतात. खाली खोपोली समुद्रसपाटीपासून फार उंचावर नाही. वर खंडाळा मात्र सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. ही चढण काही थोड्या किलोमीटरांत, सरळ कड्याच्या अंगाने चढायची असते. सह्याद्रीची पश्चिमेकडची बाजू जिथे तुटल्यासारखी खाली उतरते, तिथल्या मोजक्या खिंडींपैकी ही एक आहे.

या खिंडीतून माणसांची ये-जा फार जुनी आहे. वर चढून आले की कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी एकमेकांपासून जवळच लागतात, आणि ती तिथे असण्याचे कारण व्यापारी वाटा हेच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या शिलालेखांत दूरदूरच्या गावांतल्या दात्यांची नावे आहेत, त्यात स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवणारेही आहेत. ही माणसे बंदरांवरून घाट चढूनच वर आली असणार. मात्र ती वाट पायांची आणि खुरांची होती. लमाणांचे आणि वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ, कापूस लादून घाट चढत-उतरत. पाठीवर ओझे घेतलेल्या बैलाला अरुंद, दगडधोंड्यांची पायवाट पुरते. चाकाला ती पुरत नाही, आणि तोफेच्या गाड्याला तर मुळीच पुरत नाही. बोरघाटाचा पुढचा सगळा इतिहास या एका फरकावर उभा आहे.

मराठ्यांच्या दृष्टीने घाट अवघड असणे ही अडचण नव्हती, ते संरक्षण होते. लोहगड, विसापूर, राजमाची हे किल्ले या वाटांवर नजर ठेवून बसलेले आहेत. फेब्रुवारी १६६१ मध्ये बोरघाटाच्या शेजारच्याच कुरवंडे घाटाने कोकणात उतरणारी कारतलबखानाची मोगली फौज शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कोंडली, तेव्हा जंगल आणि अरुंद वाट यांनी निम्मी लढाई आधीच जिंकलेली होती. ज्या राज्याला घाटाचा असा अनुभव आहे, ते राज्य तोच घाट रुंद आणि गुळगुळीत करायला का जाईल? मराठ्यांनी सह्याद्रीत चाकाचे रस्ते बांधले नाहीत, म्हणजे त्यांना दळणवळणाचे महत्त्व कळत नव्हते, असा निष्कर्ष अनेकदा सहज काढला जातो. माझ्या मते तो उतावीळपणा आहे. तटाला भगदाड स्वतःहून कोणी पाडत नाही.

ते भगदाड कोणाला हवे होते, हे १७७८-७९ च्या मोहिमेत दिसते. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईच्या इंग्रजांनी सुमारे ३,९०० माणसांची फौज नोव्हेंबरच्या अखेरीस पाठवली. तोफा आणि रसद यांसाठी तिच्याबरोबर सुमारे १९,००० बैल होते. पनवेलपर्यंत पाणी आणि सपाटी असल्याने फारसे अडले नाही. खरे अडले ते घाटात. मुख्य सैन्य आणि तोफा वर येईपर्यंत डिसेंबर सरत आला, आणि वर आल्यावरही खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंतचे बारा-तेरा किलोमीटर कापायला त्यांना अकरा दिवस लागले. दिवसाला जेमतेम एक किलोमीटर, या गतीने जाणारी फौज कुणालाही अचानक गाठू शकत नाही. पुणे दरबाराला तयारीला पुरेसा वेळ मिळाला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला; ९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोचले तेव्हा पुढे जाळलेला मुलूख आणि मागे महादजी शिंद्यांचे घोडदळ होते. जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून ते मागे फिरले, आणि वडगावला त्यांना शरणागतीचा तह करावा लागला.

दोनच वर्षांनी, १७८१ च्या फेब्रुवारीत, इंग्रज सेनापती जनरल गॉडर्डने बोरघाट पुन्हा घेतला. तो वर पुण्याकडे गेलाच नाही. घाटाच्या आसपास तळ देऊन बसला. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी पनवेल आणि घाट यांच्यामधली त्याची रसद तोडायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये तो चारशेहून अधिक माणसे मारली गेलेली आणि जखमी झालेली सोसून पनवेलला परतला. दोन्ही वेळा इंग्रजांना हरवणाऱ्यांत मराठी सरदार होते तसा हा घाटही होता.

इंग्रजांनी यातून जो धडा घेतला तो रस्त्याचा होता. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला, १८०३ च्या एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली पुण्यात आला आणि त्याच्या फौजेची रसद मुंबईहून पनवेलमार्गे येऊ लागली. १८०४ च्या सुमारास बोरघाटातून तोफा ओढून नेता येतील असा रस्ता लष्कराने तयार केला. पेशवे अजून गादीवर होते, राज्य नावाला त्यांचे होते, आणि त्यांच्याच मुलखातल्या तटात परक्या फौजेच्या तोफांसाठी वाट पाडली जात होती. या रस्त्याचे फळ १८१७ साली दिसले. ऑक्टोबरच्या अखेरीस पुण्यातले वातावरण तापले तेव्हा मुंबईची युरोपीय पलटण घाईने निघाली आणि ३० ऑक्टोबरला पुण्याच्या छावणीत पोचलीही. खडकीची लढाई झाली ५ नोव्हेंबरला. १७७८ साली ज्या प्रवासाला इंग्रजी फौजेला महिन्याहून अधिक काळ लागला होता, तोच प्रवास आता इतक्या थोड्या दिवसांत झाला. पेशवाई बुडण्याची कारणे अनेक आहेत आणि बाजीरावांच्या कारभारापासून शिंदे-होळकरांच्या भांडणापर्यंत ती पुष्कळांनी मांडली आहेत. पण त्या यादीत बोरघाटाच्या रस्त्याचे नाव क्वचितच येते, आणि ते यायला हवे असे मला ठामपणे वाटते.

राज्य हाती आल्यावर हाच रस्ता पक्का करण्यात आला. लष्करातल्या कॅप्टन ह्यूज यांच्या देखरेखीखाली काम झाले आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी चाकाच्या वाहनांसाठी घाट खुला केला. कोकण आणि दख्खन यांच्यामधली भिंत या कामाने फोडली, असे माल्कमने म्हटले होते. व्यापार वाढेल, फौजांची आणि प्रवाशांची सोय होईल, दख्खनमध्ये राहणाऱ्यांना युरोपातला माल स्वस्त मिळेल, असे फायदे त्याने सांगितले. त्या यादीकडे लक्षपूर्वक पाहावे. तिच्यात फौज आहे आणि विलायती माल आहे. मावळातला शेतकरी त्यात नाही, आणि ज्याच्या बैलांच्या पाठीवर शतकानुशतके हा घाट चालला होता तो लमाण तर नाहीच. बैलगाड्या घाट चढू लागल्या आणि नंतर रेल्वे आली, तशी तांड्यांची गरज संपत गेली. ज्या जमातींचा धंदा रस्त्यांनी आणि रेल्वेने हिरावला त्यांतल्या अनेकांवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून गुन्हेगारीचा शिक्का बसत गेला. माल्कमला जी भिंत वाटली ती कुणाचा तट होती आणि कुणाचे पोट तिच्यावर चालत होते, हे सांगितल्याशिवाय या रस्त्याचा इतिहास पुरा होत नाही.

म्हणून ‘इंग्रजांनी रस्ते दिले’ हे वाक्य मला मान्य नाही. त्यांनी रस्ता स्वतःसाठी बांधला, तोफांसाठी बांधला, आणि पैसा इथल्याच महसुलातला होता. पण याच्या उलट टोकाला जाऊन, परक्यांनी आपल्याला जिंकण्यासाठी बांधलेला रस्ता आणि पूल कशाला जपायचे, असे म्हणणारेही भेटतात. अमृतांजन पूल पडला तेव्हा हा युक्तिवाद मी ऐकला आहे. त्याला उत्तर मराठी लोकांनीच फार पूर्वी देऊन ठेवले आहे. कार्ल्याला मारला गेलेला तो कॅप्टन स्टुअर्ट आपल्याविरुद्ध लढायला आला होता. त्याच्या शौर्यावरून आपल्या लोकांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले, आणि वडगाव मावळला त्याची समाधी आजही आहे. ज्या गावाजवळ महादजींनी इंग्रजांना गुडघे टेकायला लावले त्याच गावाने शत्रूच्या कप्तानाची आठवण मोडून टाकली नाही. विजयाची खूण आणि शत्रूची समाधी एकाच परिसरात राहू शकतात, कारण दोन्ही मिळून घडलेली गोष्ट खरी सांगतात. तेच मोठेपण आपल्याला रस्त्याच्या बाबतीत का दाखवता येऊ नये?

स्कॉटलंडमध्ये असेच झाले आहे. तिथल्या डोंगराळ भागातल्या जमातींनी १७१५ साली बंड केले, म्हणून लंडनच्या सरकारने जनरल जॉर्ज वेड याला पाठवून १७२० आणि १७३० च्या दशकांत त्या डोंगरांतून सुमारे ४०० किलोमीटरचे लष्करी रस्ते बांधले. हेतू सरळ होता: पुन्हा बंड झाले तर फौज आणि तोफा लवकर आत नेता याव्यात. १७४५ मध्ये पुन्हा बंड झाले तेव्हा बंडखोरांची फौज त्याच रस्त्यांवरून दक्षिणेकडे चालत गेली. रस्ता बांधणाऱ्याच्या हुकुमात राहत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण. टे नदीवर ॲबरफेल्डी इथे वेडने १७३३ मध्ये बांधलेला दगडी पूल आजही उभा आहे, त्यावरून वाहने जातात आणि तो संरक्षित वास्तू आहे. ज्यांच्या पूर्वजांना दडपण्यासाठी तो बांधला गेला त्यांचेच वंशज तो जपतात.

आपल्याकडेही बोरघाटाचा रस्ता बांधणाऱ्याच्या हुकुमात राहिला नाही. घाटावरची माणसे याच वाटेने मुंबईत उतरली. गिरण्यांमध्ये, गोदीत, बाजारात त्यांनी अंग मोडून काम केले, आणि मुंबईने त्यांना हेटाळणीने ‘घाटी’ म्हटले. तो शब्द आज पुष्कळ जण अभिमानाने स्वतःला लावतात. स्वातंत्र्यानंतर हाच मार्ग मुंबई ते चेन्नई जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ चा भाग झाला. एस. टी. च्या लाल गाड्या, कोकणातला आंबा, नाशवंत भाजी, पुण्याच्या कारखान्यांचा माल या घाटाने वर-खाली गेला. चढणीवर गाड्या तापत, चालक त्या कडेला घेऊन इंजिनात पाणी ओतत, आणि उतारू खाली उतरून दरीकडे पाहत उभे राहत. तोफांसाठी बांधलेल्या रस्त्यावर दोनशे वर्षांत जे जगणे वाहिले आहे ते आपले आहे.

याच घाटात, खोपोलीच्या वरच्या अंगाला, जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. कथा अशी सांगतात की साहेबाला घाटातून मार्ग सापडत नव्हता, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या जनावरांच्या पायवाटेने त्यांना तो दाखवला. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली. कुणी ही कथा रस्त्याची म्हणून सांगतो, कुणी रेल्वेची म्हणून. ही लोककथा आहे आणि तिचे पुरावे शोधत बसण्यात अर्थ नाही. पण तिच्यातले म्हणणे मला फार मोलाचे वाटते. मार्ग शोधण्याचे श्रेय अधिकाऱ्याचे नाही, डोंगर ज्याच्या पायाखालचा होता त्याचे आहे, असे ती कथा म्हणते. पुलांच्या कोनशिलांवर गव्हर्नरांची आणि कप्तानांची नावे कोरली जातात. सुरुंग लावणाऱ्या, दगड घडवणाऱ्या वडार, बेलदार आणि पाथरवटांची नावे कोरली जात नाहीत. रस्त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी त्याच कड्यातून रेल्वे नेली गेली तेव्हाची हकीकत पाहिली तर या कामांची किंमत कळते. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटाच्या रेल्वेकामावर पटकी, ताप आणि अपघातांनी सुमारे २४,००० मजूर दगावले असावेत, असा अंदाज अभ्यासकांनी केला आहे. या माणसांसाठी लोकांनी उभारलेले एकच स्मारक घाटात आहे असे म्हणायचे तर ते शिंग्रोबाचे देऊळ होय. जुन्या रस्त्याने जाणारे चालक तिथे आजही हात जोडतात.

आता पूल पाडण्याच्या बाजूने जे म्हटले जाते त्याकडे यावे लागेल, कारण ते म्हणणे हलके नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे सुरू झाला. सुमारे ९५ किलोमीटरच्या त्या मार्गाचा घाटातला पट्टा पहिल्यापासून अडचणीचा होता, कारण तिथे जुना महामार्ग आणि नवा मार्ग काही अंतर एकत्र येतात. खालून येणाऱ्या दोन रस्त्यांची सगळी वाहने एका रस्त्यावर मावावी लागतात. त्यात अमृतांजन पुलाचे खांब नेमके अरुंद जागी उभे होते, तिथे उतार आणि वळणही होते. सुट्ट्यांच्या दिवशी तासन्‌तास कोंडी होई, अपघात होत, रुग्णवाहिका अडकत. पूल वाहतुकीच्या कामाचा राहिलेला नव्हता. अशा वेळी माणसांचे जीव मोठे की जुने दगड, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर एकच आहे, आणि ते देताना मला क्षणभरही घुटमळायला होत नाही. माणसांचे जीव मोठे.

परंतु निवड खरोखर इतकीच होती काय, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. पूल पाडला त्याच्या आधीच्या वर्षीच, २०१९ मध्ये, घाटाला वळसा घालणाऱ्या नव्या जोडमार्गाचे काम सुरू झालेले होते. खोपोली ते कुसगाव असा सुमारे १३ किलोमीटरचा हा मार्ग दोन बोगद्यांतून आणि खोल दरीवरच्या केबलच्या आधारावरील पुलावरून जातो, आणि त्याचा हेतूच घाटातल्या या अरुंद पट्ट्यातून द्रुतगती मार्गाची वाहतूक बाहेर काढणे हा आहे. याचा अर्थ असा की १९० वर्षांचा पूल ज्या अडचणीसाठी गेला ती अडचण काही वर्षांपुरतीच होती. आणि समजा, त्या काही वर्षांतले अपघातही टाळणे आवश्यक होते, पूल त्या जागेवरून हलवणे भागच होते, तरी हलवणे आणि उडवणे यांत फरक आहे. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली नागार्जुनकोंड्याचे अवशेष जाणार होते तेव्हा आपल्याच देशाने, आजच्यापेक्षा कितीतरी गरीब असताना, ते उचलून उंच जागी नेऊन पुन्हा मांडले. कमानीच्या दगडांवर आकडे घालून त्या क्रमाने ते उतरवणे आणि घाटातच दुसऱ्या जागी एखादी कमान पुन्हा उभी करणे, हे काम अवघड असले तरी अशक्य नव्हते.

तसे होत नाही याचे मूळ कारण कायद्यात आणि आपल्या नजरेत, दोन्हीकडे आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा शंभर वर्षांहून जुन्या वास्तूंना संरक्षण देऊ शकतो; वयाच्या कसोटीवर अमृतांजन पूल सहज बसत होता. मुंबई शहरात १९९५ पासून वारसा वास्तूंची नियमावली आहे. मात्र संरक्षणासाठी आपल्या डोळ्यांसमोर येतात ती देवळे, लेणी, किल्ले, वाडे आणि शहरातल्या इमारती. रस्ता म्हटला की तो वापरण्याची, रुंद करण्याची आणि डांबर टाकण्याची वस्तू असते. तो इतिहास असू शकतो हे कुणाच्या मनात येत नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आणि त्यांत लोहगड आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण लोहगड तिथे का बांधला गेला? घाटवाटांवर नजर ठेवायला. पहारेकऱ्याला जगाने मान दिला आणि तो ज्या वाटेवर पहारा देत होता ती वाट मात्र कोणत्याच यादीत नाही, ही विसंगती आपणच दूर करायला हवी. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले इंका काळातले रस्ते सहा देशांनी एकत्र येऊन २०१४ साली जागतिक वारसा यादीत नेले. रस्त्याला वारसा मानण्यात काही विचित्र नाही, आणि ते मानण्यासाठी वाहतूक थांबवावी लागते असेही नाही.

बोरघाटात आज नेमकी संधी आहे. द्रुतगती मार्गाची वाहतूक बोगद्यांकडे वळली की जुन्या घाटावरचा भार उतरतो. अशा वेळी दोन गोष्टी घडू शकतात. एक म्हणजे मोकळ्या झालेल्या जागेवर खाद्यगृहे, बंगल्यांच्या वसाहती आणि फलक यांची गर्दी होईल आणि जे थोडे उरले आहे तेही त्यांच्याखाली जाईल. दुसरी म्हणजे खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा जुना लष्करी रस्ता एक सलग वारसामार्ग म्हणून जाहीर होईल. हे दुसरे घडण्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. जुन्या दगडी मोऱ्या, संरक्षक भिंती, मैलांचे दगड आणि मूळ रस्त्याचे वापरातून गेलेले तुकडे यांची नोंद सार्वजनिक बांधकाम खाते आणि पुरातत्त्व विभाग यांनी मिळून करावी, ती मोजमापांसह आणि छायाचित्रांसह प्रसिद्ध करावी, आणि यापुढे त्यांतले काहीही पाडायचे असेल तर आधी जाहीर सुनावणी व्हावी असा नियम करावा. रुंदीकरणाची निविदा निघण्याआधी ही यादी अभियंत्याच्या टेबलावर असायला हवी. स्फोटाच्या आदल्या दिवशी ती शोधून उपयोग नाही. थळ घाटापासून खंबाटकीपर्यंत सह्याद्रीतल्या सगळ्याच घाटांत बोगद्यांची आणि रुंदीकरणाची कामे झाली आहेत किंवा होत राहणार आहेत, त्यामुळे बोरघाटात जो पायंडा पडेल तोच इतरत्र चालेल.

या वारसामार्गावर काय सांगायचे, हेही आपणच ठरवायचे आहे. पर्यटकांसाठी लावलेल्या पाटीवर ‘ब्रिटिशकालीन अभियांत्रिकीचा उत्तम नमुना’ एवढेच लिहिले गेले तर ते अर्धसत्य होईल. पायथ्याशी लमाणांच्या तांड्यांची हकीकत असावी. जिथून दरी उघडते तिथे १७७८ च्या फौजेला एकेक तोफ वर चढवायला किती दिवस लागले ते लिहिलेले असावे, म्हणजे उभ्या जागी त्या चढणीकडे पाहून वाचणाऱ्याला ते कळेल. १८१७ च्या ऑक्टोबरमध्ये इथून वर गेलेल्या पलटणीची तारीख खडकीच्या लढाईच्या तारखेशेजारी असावी. अमृतांजन पूल जिथे होता तिथे त्याचे छायाचित्र, बांधल्याचे वर्ष आणि पाडल्याचे वर्ष असावे. आणि शिंग्रोबाच्या देवळासमोर, जिथे चालक आपण होऊन वेग कमी करतात, तिथे वडार, बेलदार, पाथरवट आणि धनगर या शब्दांनी सुरू होणारी एक पाटी असावी, जिच्यावर एकाही गव्हर्नराचे नाव नसेल.